शेठजींचा चुंबक आणि माझं मनगट

परभणीच्या ठोक भांडीवाल्या शेठजींनी माझ्या आईला फसवलं. एकदा नाही, दर हंगामाला, आणि तेही हसतमुखाने, चहा पाजून. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक नावाची चर्चा करत बसतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. ज्याला ओळखायचं तो ओळखेल. मी स्वतः आयुष्यभर भांडीच विकली, घासाघीस करूनच पोट भरलं, त्यामुळे धंद्यात थोडं इकडंतिकडं चालतं हे मला कोणी शिकवू नये. पण भाव वाढवून सांगणं वेगळं, आणि समोरच्या माणसाच्या हातात मुद्दाम खोटं माप देऊन त्यालाच जगापुढे खोटं पाडणं वेगळं.

आमचं घर सेलूचं. वडील, म्हणजे अण्णा, शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या नळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, आणि मास्तरांचा प्रयोग फसला की मुलांकडे डोळे वटारून बघणं, ही त्यांची कामं. आईला मी माय म्हणायची. माय स्टीलची भांडी विकायची. घरात तीन खोल्या आणि त्यातली अडीच भांड्यांनी भरलेली. मी झोपायची त्या भिंतीला पातेली एकात एक रचलेली असत, आणि मी कूस बदलली की सगळी उतरंड झणझणायची. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला परतायला घेतला की मायचा उलथणा कढईवर, अण्णांचा तांब्या न्हाणीच्या दगडावर आणि गिऱ्हाइकाची टिचकी एखाद्या परातीवर, असे तीन आवाज एकदम निघायचे. टिचकी मारून आवाज ऐकणाऱ्या बायकांचा मायला मनापासून राग. ती म्हणायची, आवाज काय, पत्र्याचा डबाबी करतो.

मायची परीक्षा वेगळी होती. तिच्या कमरेच्या चंचीत सुपारीच्या खांडांबरोबर बोटभर लांबीचा एक चुंबक असायचा. गिऱ्हाईक समोर आलं की ती तो भांड्याला लावायची आणि सोडून द्यायची. चुंबक खाली पडला की माल अस्सल. आजही आमच्या भागात बाया स्टील असंच पारखतात, आणि साधारणपणे ते बरोबरही असतं. हलक्या स्टीलला चुंबक धरतो, चांगल्याला धरत नाही. मायने त्याच्या पुढे आपलं एक वाक्य जोडलं होतं: "चिकटला तर भांडं वापस, आन् वरून माझ्या हातचं पुरण खाऊन जा." देवगाव फाट्याच्या बाजारात हे वाक्य लोकांना पाठ होतं. लग्नाची भांडी घ्यायला माणसं दोन गावं ओलांडून तिच्याकडे यायची. अण्णांच्या पगाराला लोक मान द्यायचे, पण मायच्या शब्दावर सौदे व्हायचे. पुरण मात्र कधी कोणाला खायला मिळालं नाही, कारण चुंबक कधी चिकटलाच नाही.

हा चुंबक द्यायचे शेठजी. दर हंगामाला माल भरायला गेलं की नवा. "बाई, जुना टाकून द्या, ताजा ठेवा," असं म्हणून ते तिच्यासमोर तो तराजूच्या दांडीला लावून दाखवत, तो टक्कन चिकटे. मग गादीजवळच्या एका तांब्याला लावत, तो पडे. शिवाय भांड्यांवर नाव टाकून देणं फुकट. त्यांच्याकडे नाव कोरायचं यंत्र होतं, किर्र किर्र करत चालायचं, दात आंबायचे ऐकून. गिऱ्हाइकांची यादी दिली की नवरीचं, वरमाईचं, मामाचं, सगळ्यांची नावं कोरून माल बांधून तयार. माय घरी येऊन सांगायची की असा दिलदार माणूस अख्ख्या परभणीत नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मलाही तेच वाटायचं. मला तर ते जाताना खारे शेंगदाणेही देत.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझं मनगट मोडलं. देवगाव फाट्यावर टेम्पोतून उतरताना माझ्या डाव्या काखेत पातेल्यांचा जोड होता. पाय घसरला. शहाण्या माणसाने पातेली सोडली असती. मी मनात हिशेब केला की पोचा पडला तर भाव पडेल, म्हणून पातेली छातीशी धरली आणि उजवा हात जमिनीवर टेकला. पातेल्यांना ओरखडा नाही. मनगटाचा मात्र आकार जेवायच्या काट्यासारखा झाला. माय धावत आली, आधी पातेली बघितली आणि मग मला. हे मी तिला पुढे आयुष्यभर ऐकवलं, आणि ती आयुष्यभर म्हणायची की तू पातेल्यामागे होतीस, आधी पातेलंच दिसणार.

परभणीला हाडाचे एक तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. त्यांनी फोटो बघून सांगितलं की नुसत्या प्लास्टरने भागणार नाही, तुकडे सरकतील. आतून दोन तारा घालाव्या लागतील. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, पिनिंग. सव्वा महिना तारा राहतील, तोवर हाड जुळेल, मग खेचून काढू. तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवली होती, वर कापूस आणि पट्टी, खाली अर्धं प्लास्टर. मायने जाता जाता विचारलंच, तार कशाची? डॉक्टर म्हणाले, उत्तम स्टीलची. ते ऐकून तिने मान डोलावली, जशी एखादा दुकानदार दुसऱ्या दुकानदाराचं ऐकून डोलावतो.

आता सोळा वर्षांची, बडबडी, बाजाराची चटक लागलेली पोरगी घरात हात गळ्यात बांधून किती दिवस बसणार? धपाटे माय करून ठेवायची, ते डाव्या हाताने खायचे, येसराची आमटी डाव्या हाताने भुरकायची, आणि दिवसभर आढ्याकडे बघायचं. चौथ्या दिवशी मी अण्णांच्या मागे शाळेत गेले. सुट्टी होती, अण्णा बाटल्या पुसत होते. कपाटात लाल रंगाचा नालेच्या आकाराचा चुंबक होता, त्याच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवलेली. ती पट्टी काढली तर अण्णा रागवायचे. म्हणायचे, पट्टीवाचून चुंबकाची ताकद गळते. शाळेची काडी त्यांनी कधी घरी आणली नव्हती. खडूचा तुकडा खिशात राहिला तर दुसऱ्या दिवशी परत न्यायचे. अशा माणसाची मी मुलगी. अण्णा पाणी आणायला गेले आणि मी तो चुंबक, पट्टीसकट, हाताच्या झोळीत टाकला.

घरी येऊन हाताची पट्टी सोडवली, कापूस बाजूला केला, आणि चुंबक तारेच्या वाकलेल्या टोकाजवळ नेला. ओढ लागली. फार नाही, पण लागली. मनगटाच्या आत कुठेतरी कोणी हळूच बोलावल्यासारखं झालं. मला वेदना झाली नाही, संताप झाला. माझ्या हाडात हलका माल!

माय बाजारातून आली तशी तिला दाखवलं. तिने तोच लाल चुंबक तीनदा लावून बघितला, चंचीतला काढायचं तिला सुचलंही नाही. मग डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. तिचा पदर कमरेला गेला की अण्णा पेपर उघडून त्याच्या आड जात. त्या दिवशी ते घरी नव्हते, हे त्यांचं नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही परभणीला. मायबरोबर पुरावा होता: आमचा जेवणाचा डबा, शेठजींच्या मालातला सगळ्यात भारी, झाकणावर माझं नाव कोरलेला. दवाखान्यात बाकड्यांवर प्लास्टरवाली माणसं खच्चून बसलेली. सेलूच्या दोन ओळखीच्या बायकाही होत्या, दोघी मायची गिऱ्हाइकं. मायने नंबर वगैरे काही मानला नाही. डॉक्टर बाहेर एका म्हाताऱ्याचा गुडघा बघत होते, तिथेच तिने त्यांना गाठलं.

ती म्हणाली, "डाक्टर, नग बदलून द्या."

डॉक्टरांना वाटलं, काठी किंवा झोळी असेल. तिने माझा हात पुढे केला. "ही तार खोटी हाय. चुंबक लागायलाय तिला. आमी बी ह्याच धंद्यात हाव, आमाला नका शिकवू. ह्या काढा आन् चांगल्या घाला."

डॉक्टरांनी आधी समजावून पाहिलं. मध्येच काढल्या तर तुकडे सरकतील, हात वाकडा राहील, मुठीत जोर येणार नाही. मायने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग अशा घालायच्याच कशाला होत्या. मीही बाजूने तोंड घातलं. म्हणाले, आत्ताच काढा, मी ओरडणार नाही. आज विचार केला की अंगावर काटा येतो. त्या क्षणी डॉक्टर चिडून "बरं, न्या काढून" म्हणाले असते, तर हा उजवा हात आज पेनही धरू शकला नसता. ते चिडले होते, कान लाल झाले होते. पण माणूस चौकस होता. त्यांनी विचारलं, "मावशी, चुंबक कुठाय तो?"

मी झोळीतून लाल चुंबक काढला. त्यांनी तो माझ्या तारेला लावला, ओढ बघितली. मग आतून आपल्या डब्यातला चमचा मागवला. चमच्याच्या पसरट भागाला चुंबक लागेना, पण मान जिथे वाकते तिथे जरासा लागला. म्हणाले, चांगलं स्टीलसुद्धा खेचून, ठोकून, वाकवून घेतलं की तेवढ्या जागी थोडी ओढ येते. थोडी ओढ म्हणजे खोटा माल नव्हे. खोटा माल कसा असतो ते मलाही बघायचंय, असं म्हणत त्यांनी सहज तो चुंबक मायच्या हातातल्या डब्याजवळ नेला.

डबा चुंबकाने हातातून ओढूनच घेतला. टक्क.

 मायने डबा हिसकून सोडवला, चंचीतून आपला चुंबक काढला आणि त्याला लावला. पडला. "बघा," ती म्हणाली, "माझा न्हाई लागत. ह्या शाळेच्याच चुंबकात खोट असंल." डॉक्टरांनी तिचा चुंबक खाली वाकून उचलला. शेजारी लोखंडी खाट होती. त्यांनी तो खाटेच्या पायाला लावला आणि सोडला.

तो खाली पडला.

पुन्हा लावला. पुन्हा पडला. कोणीतरी हसलं, मग बाकीचे हसले. सेलूच्या त्या दोघी हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि मला दिसत होतं की दोघी मनातल्या मनात आपापली मांडणी उतरवून बघतायत. डॉक्टर हसू दाबून हळूच म्हणाले, "मावशी, हा चुंबक नाही. हा लोखंडाचा तुकडा आहे."

मायने तो तुकडा त्यांच्या हातून घेतला. माझ्या हाताची पट्टी पुन्हा नीट बांधली, डॉक्टरांना म्हणाली की तारा ऱ्हाऊ द्या, आणि बाहेर येऊन रिक्षाच्या थांब्यावर उभी राहिली. परतीच्या गाडीत तिने डबा उघडला नाही. मला भूक लागली होती, पण मागायची हिंमत झाली नाही.

शेठजींची ही युक्ती मला पूर्ण समजली ती आत्ता, गेल्या दिवाळीत. माझी भाची ऋतुजा पुण्याला चुंबकांवर संशोधन करते. दुकानात बसून करंज्या खाता खाता मी तिला विचारलं की नवा असताना दांडीला चिकटणारा चुंबक घरी पोचेपर्यंत मरतो कसा. ती म्हणाली, "आत्या, चुंबकाच्या आत बारीक बारीक वस्त्या असतात असं समज. प्रत्येक वस्ती एका दिशेला तोंड करून. सगळ्यांची तोंडं एकीकडे झाली की तो चुंबक. पण वस्त्यांच्या सीमा सरकत असतात. चांगल्या चुंबकात मुद्दाम अडथळे ठेवतात, सीमा तिथे अडकतात आणि दिशा टिकते. त्या अडकण्याला आम्ही पिनिंग म्हणतो." शेठजी काय करत असतील, तर मऊ, स्वच्छ लोखंडाच्या तुकड्यावर खरा चुंबक घासत असतील. त्यात सीमांना धरून ठेवणारं काहीच नाही. चंचीत सुपारीबरोबर चार धक्के बसले की सीमा जागच्या हलल्या, वस्त्या आपापल्या दिशेला वळल्या, संपलं. मी तिला म्हणाले, पिनिंग मला नको शिकवू, माझ्या हाडात करून झालंय. सरकू पाहणाऱ्याला जागेवर धरायचं, एवढंच ना? ती म्हणाली, साधारण एवढंच, पण आमच्या साहेबांना इतक्या थोडक्यात सांगितलं तर ते रागावतील.

अण्णांना चुंबक चोरल्याचं त्या संध्याकाळी मीच सांगितलं. मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी फक्त विचारलं, कुठे आपटलास का? नाही म्हटल्यावर त्यांनी तो हातात घेतला आणि शाळेत परत नेण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, शाळेची वस्तू घरच्या कामाला वापरली. भिंतीजवळच्या उतरंडीपाशी बसले आणि एकेका भांड्याला लावत गेले. टक्क. टक्क. टक्क. माय दारात उभी राहून ऐकत होती. जी पातेली वाचवायला मी हात मोडून घेतला, तीही टक्क.

दुसऱ्या दिवशी मायने पोतं भरलं आणि शेठजींची गादी गाठली. मी होतेच. शेठजींनी चहा मागवला. मायने चहाला हात लावला नाही, पोतं गादीवर उपडं केलं. शेठजींनी एक पातेलं उचललं, फिरवलं आणि काठावर बोट ठेवलं. "बाई, ह्याच्यावर नाव टाकलेलंय. नाव टाकलेला माल वापस होत नसतो, बाजाराचा दस्तूर आहे." माय म्हणाली, नाव तर तुमीच टाकलं, आमी मागितलं होतं का? ते म्हणाले, फुकट करून दिलं त्याचं हे फळ. आणि चुंबक? "चुंबक कमजोर झाला त्याला मी काय करू? तुमी एकदा तरी लोखंडाला लावून बघायचा होता." हे मात्र खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच मी त्यांच्या अंगावर धावून गेले. प्लास्टरचा हात मी त्यांच्या काचेच्या कपाटावर आपटणार होते. मायने मागून झिंज्या धरल्या. त्या दिवशी मला कळलं की फुकट मिळणाऱ्या वस्तूचा भाव आधी विचारायचा. आजवर मी कोणाचा फुकट चहासुद्धा घेतलेला नाही, आणि व्यापारी मला तुसडी म्हणतात ते त्यामुळेच.

मायला पोत्यातल्या मालाचं दुःख नव्हतं. तिला आठवत होती कलावतीबाई. फाट्याच्या पलीकडच्या गावची साधी बाई. तिने लेकीच्या लग्नात मायकडून संपूर्ण रुखवत घेतलं होतं. चार महिन्यांनी ती बाजारात आली, लेकीची कळशी घेऊन, बुडाला तांबूस डाग. मायने चंचीतला चुंबक लावला, पाडून दाखवला, आणि भर बाजारात तिला झापलं: "चिंचेचं पाणी ठेवलं असंल लेकीनं. भांडं वापरायची अक्कल नको का?" लोक हसले होते. मीसुद्धा हसले होते.

पुढच्या बाजाराला मायने माल मांडलाच नाही. रिकामं पोतं अंथरून बसली आणि येईल त्या बाईला सांगत राहिली, भांडी घेऊन या, माझं चुकलं. कलावतीबाई दुपारी दिसली. माय उठून तिच्यासमोर गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली की डाग तुझ्या लेकीचे नव्हते, माझ्या मालाचे होते. कलावतीबाई म्हणाली, "तुमी बोललात ते मी इसरले बाई. पर पोरीला सासरी गंजकी म्हन्तेत. कळशी आनली तशी सून आनली म्हन्तेत. तिचं नाव घेऊन हाक मारत न्हाईत कुनी."  मग घरी येऊन मायने आपल्या लग्नातली तांब्याची घागर चिंच लावून घासली आणि त्या पोरीच्या सासरी स्वतः पोचती केली. सासूने घागर ठेवून घेतली. नाव बदललं नाही. आधीची कळशी नव्याने बदलायला लागली म्हणजे पोरीच्या माहेरचं खोटंच होतं, असा अर्थ त्यांनी काढला.

पुढचं थोडक्यात सांगते. तारा सव्वा महिन्याने निघाल्या, हाड सरळ जुळलं. फाट्यावर आम्हाला पुन्हा गिऱ्हाईक यायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर मी नांदेडहून, जालन्याहून, जिथे कोणी चहा पाजत नाही तिथून माल आणायला शिकले. दुकान झालं, दुकानाचं दुमजली झालं. त्यात शेठजींचा काडीचा वाटा नाही.

आणि म्हणूनच हे लिहायला बसले. गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल घालायला शेठजींचे चिरंजीव. माइकवर ते म्हणाले की शोभाताईंच्या आईंना धंद्याला लावलं ते आमच्या वडिलांनी. नाव कोरून द्यायचे, चुंबक भेट द्यायचे, असे दिलदार होते. टाळ्या झाल्या. शेठजी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, नव्वदीला आलेत, पण कान शाबूत आहेत. त्यांनी हात जोडले. मी शाल खुर्चीवर ठेवून निघून आले आणि लोक म्हणाले, ताईंचं डोकं पुन्हा फिरलं.

तर शेठजी, आता माझं ऐका. माय गेली, अण्णा गेले, त्यांच्यासाठी मी काही मागत नाही. कलावतीबाईची लेक आहे. साठी ओलांडली तिने, आणि त्या गावात म्हातारी माणसं अजून तिला गंजकीच म्हणतात. नातवंडांना वाटतं, आजीचं ते नावच आहे. तुमच्या मुलाची गाडी आता थेट तिच्या ओट्यापर्यंत जाते, डांबरी रस्ता झालाय. तिथे जा, खुर्ची टाकायला सांगा, चार माणसं बोलवा आणि तुमच्या तोंडाने सांगा की कळशी खोटी होती आणि ती तुम्ही जाणूनबुजून विकली होती. तिचं नाव द्रौपदा आहे. त्याच नावाने हाक मारा. कोणत्या दिवशी जाताय ते मला कळवा, मी तिथे हजर असेन.